चाळीस माणसांचा पाय

रोहा,
गुरुवार, ८ फेब्रुवारी १९९६

प्रिय हौसा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू म्हणशील, दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आज सरूला एवढं लिहायला काय झालं. झालंय ते सांगतेच. पण तुझी खुशाली विचारून सुरुवात करणार नाही, कारण मला राग आलाय आणि रागात विचारलेली खुशाली खोटी असते. शाळेत तू माझी पाटी फोडलीस, तेव्हा मी चार दिवसांत बोलायला लागले होते. कासू गावच्या शाळेत आपण दोघी एका बाकावर बसायचो. पुढं तुझ्या भावाशी माझं लग्न झालं आणि मी तुझी वहिनी झाले, पण वहिनीच्या तोऱ्यात मी तुला आजवर कधी बोलले नाही. आज बोलणार आहे. गॅसवर काही ठेवलं असशील तर आधी उतरव आणि बसून वाच.

मला दोन गोष्टींचा राग आहे. एक, अनिताच्या साखरपुड्यात तू माझ्या पायाचं जे केलंस त्याचा. दुसरा, मागच्या महिन्यात, संक्रांतीनंतर, तू पोटच्या लेकीला, अनिताला, तिसऱ्यांदा सासरी परत पाठवलंस त्याचा. पोरगी तुझ्या दारात रडत आली, तू तिच्या हातात तिळगुळाचा डबा दिलास आणि धरमतरच्या टेम्पोत बसवून दिलंस. हे मला कुणी सांगितलं ते शेवटी सांगते, मध्येच पानं उलटून बघू नकोस. तू म्हणशील, पायाचा नि अनिताच्या नांदण्याचा काय संबंध. मलाही परवापर्यंत वाटत नव्हतं की काही संबंध असेल.

आधी पायाचं घेऊ. साखरपुड्याच्या आठ दिवस आधी मी इथल्या एसटीडी बूथवरून तुझ्या शेजाऱ्यांच्या फोनवर फोन केला होता. लाइनीत खरखर होती. मी ओरडून सांगितलं, मी पाय करून आणते, चाळीस माणसांना पुरेल एवढा. तू म्हणालीस, आण गो, व्याह्यांना लय आवडतात. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मिनिटाचे पैसे पडत होते, मी फोन ठेवला. तू मात्र सगळ्या व्याह्यांत सांगत सुटलीस की माझी वहिनी चाळीस माणसांचे बकऱ्याचे पाय घेऊन येते. अगो, चाळीस माणसांना पाय म्हणजे किती बकरे कापावे लागतील, एवढा तरी विचार करायचास. आमच्या कॉलनीतल्या फिलोमिनाबाईंनी मला तो पदार्थ शिकवला. खाली मैद्याच्या पापुद्र्यांचा थर, मध्ये खिमा, वर पुन्हा तसाच थर, आणि सगळं भट्टीत भाजायचं. त्याला त्या पाय म्हणतात, म्हणून मीही पाय म्हणते. इंग्रजीतच त्याला तसं म्हणतात, त्यात माझा काय दोष?

तुझे व्याही पोपटशेठ दुखऱ्या गुडघ्यांना पायांचा रस्सा मिळणार म्हणून ताटात दोन भाकऱ्या चुरून बसले होते. मी रोह्याहून गाडीत मांडीवर घेऊन आणलेले दोन ट्रे उघडले. वर पिवळाधमक फुललेला पापुद्रा. पोपटशेठ म्हणाले, पाय कुठं हायेत? मी सुरीनं चौकोन कापून त्यांच्या त्या भाकरीच्या चुऱ्यावर ठेवला आणि म्हटलं, हाच पाय. सगळा मांडव हसला. मीही हसले, मला त्याचं काही वाटलं नाही. चूक शब्दाची होती, कुणाच्याही हातून झाली असती. पण मग अनिताच्या होणाऱ्या सासूनं, पुतळाबाईनं, तो तुकडा बोटानं उचकटून बघितला आणि विचारलं, हे कोणी केलंय? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, वहिनीला कुठं असलं जमतंय, बेकरीतनं विकत आणलाय, आमच्यात असलं कोण करत नाय. आणि पुतळाबाई म्हणाली, तरीच. हौसा, तुझं वाक्य मी एक वेळ विसरेन, तो तरीच मी विसरणार नाही.

विकतचा. आता ऐक विकतचा म्हणजे काय ते. पीठ विकतचं होतं, मी कधी नाकारलं नाही. बेकरीवाले चाचा खारीसाठी मैदा मळतात, त्यात डालडा घालून घड्या घालतात, लाटतात, पुन्हा घड्या घालतात. त्यांच्या खानदानात तीन पिढ्या हे काम चाललंय. ते कच्चं पीठ मी त्यांच्याकडून घेतलं, कारण ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. माझ्या घरातल्या गोल ओव्हनमध्ये एवढे मोठे ट्रे मावत नाहीत, म्हणून भाजलेही त्यांच्याच भट्टीत, दिवाळीत आपण नानकटाईचे ट्रे नेतो तसे. मग एवढ्यानं तो बेकरीतला झाला? तू त्या दिवशी नेसलेली साडी तू विणली होतीस का? मांडवातल्या खुर्च्या तुझ्या नवऱ्यानं, जगनभावजींनी, केल्या होत्या का? चार किलो मटणाचा खिमा मी सकाळी उभी राहून करून घेतला. कांदा लाल होईस्तोवर परतला, आलं-लसूण वाटलं, बटाट्याच्या बारीक फोडी घातल्या, आणि पाण्याचा थेंब उरेपर्यंत नाही, थेंबही उरणार नाही असा सुकवला. मग परातीत पसरून पंख्याखाली पार गार केला. गरम खिम्यावर पीठ अंथरलं की डालडा वितळतो आणि पापुद्रे चिकटून बसतात. वर अंडं फेटून लावलं, वाफ निघायला काट्यानं भोकं पाडली. भोकं नाही ठेवली तर आतून फुगतो आणि नको तिथं फुटतो. हे पत्र तसंच समज.

आणि मसाला कुणाचा होता? तुझ्या आईचा. आई गेली त्या वर्षी आपण दोघींनी तिच्या मापानं पेणच्या डंकावर कुटून आणला, शिंकून शिंकून दोघींचे डोळे लाल झाले, तू म्हणालीस आई असती तर आपल्याला हसली असती. त्यातलाच मसाला त्या खिम्यात होता. तू दोन तुकडे खाल्लेस. मी बघत होते. दुसरा तुकडा खाताना तू क्षणभर थांबलीस, तुला आईची चव लागली. लागली ना? तरी बेकरीतला म्हणालीस. बेकरीवाल्या चाचांकडे तुझी आई मसाला कुटायला गेली होती काय? आपल्या बापांनी मिठागरात पाय भाजून घेऊन मीठ पिकवलं, खाल्ल्या मिठाला जागावं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, आणि तू चार शहाण्यांपुढं आईच्या मसाल्याला ओळख दिली नाहीस. मला कमी लेखलंस म्हणून राग नाही. म्हणजे आहे, पण तो कधीच निवला असता.

तेव्हापासून मी बोलले नाही. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, जेवून निघाले. तूही विचारलं नाहीस. वैशाखात मसाला दोन्ही वर्षं मी एकटीनंच केला. तुझ्या भावाला वाटलं बायकांचं काही तरी असेल, मिटेल आपोआप. पुरुषांना सगळं आपोआप मिटतं असं वाटतं.

अनिता मे महिन्यात माझ्याकडे राहायला यायची ते आठवतं? दहा वर्षांची होती तेव्हा मी पहिल्यांदा पाय केला. बशीत वाढला तर ही चमच्यानं सगळा खिमा उकरत बसली. काय शोधतेस विचारलं तर म्हणाली, मामी, पाय कुठंय यात? हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं दर सुट्टीत गाडीतून उतरायच्या आधी खिडकीतून ओरडायची, मामी पाय. प्लॅटफॉर्मवरची माणसं माझ्या पायांकडे बघायची. साखरपुड्यात तू विकतचा म्हणालीस तेव्हा अनिता पाण्याचे ग्लास घेऊन माझ्यामागं उभी होती. तिला माहीत होतं कुणी केलाय ते. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. एकोणीस वर्षांची पोर, नवऱ्याच्या घरच्यांसमोर आईला खोटं कसं पाडणार. मी तिला तेव्हाच माफ केलं. पण तिनं स्वतःला केलं नव्हतं, हे मला आत्ता कळलं.

आता तुझ्या व्याह्यांचं. तुला हे माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐक, म्हणजे कसं वाटतं ते कळेल. लग्नाला सहा महिने व्हायच्या आत पोपटशेठचा मालानं भरलेला बार्ज खाडीत गाळात रुतला, कलंडला, माल भिजला. का रुतला? भांगाच्या दिवसांत बाहेर काढला म्हणून. भांगाला पाणी कमी चढतं, हे खाडीकाठचं शेंबडं पोर सांगेल. तुझ्या-माझ्या बापांनी भांग नि उधाण बघितल्याशिवाय मिठागरात पाणी घेतलं नाही. पोपटशेठला घाई होती, त्यानं भरती बघितली नाही, आणि दोष कुणाला? सुनेच्या पायाला. पुतळाबाई चारचौघींत म्हणाली, पांढऱ्या पायाची आली. म्हणजे माझ्या पायाला नावं ठेवून पोट भरलं नव्हतं, म्हणून पोरीच्या पायावर आली. तेव्हापासून सकाळी पुरुष कामाला निघाले की अनितानं ओटीवर यायचं नाही. जेटीवर जायचं नाही. कुणाचा नवा टेम्पो आला, कुणाचं बारसं निघालं, की हिनं आत बसायचं. आणि तिचा नवरा प्रविण, बारावी शिकलेला, तो म्हणतो, आईचं मन मोडू नको.

पहिल्यांदा ती तुझ्याकडे आली तेव्हा तू म्हणालीस, नवीन आहेस, सवय होईल. दुसऱ्यांदा म्हणालीस, मूल झालं की सगळं बंद होईल. तिसऱ्यांदा तिळगुळ दिलास. तुला वाटतं मला तुझी अडचण कळत नाही. कळते. लग्नानंतर जगनभावजींना पोपटशेठच्या जेटीवर मुकादमकी मिळाली, धाकटीला अजून स्थळ बघायचंय, आणि परत आलेल्या मुलीच्या आईकडे बायका कशा बघतात ते आपण दोघींनी गावात बघितलंय. भीती मलाही वाटली असती. पण हौसा, तू साखरपुड्यात घाबरलीस आणि माझा पाय बेकरीचा केलास. त्या दिवशी पुतळाबाईला कळलं की या घरातली माणसं आपण नाक मुरडलं की स्वतःचीच माणसं नाकारतात. मग ती सुनेला कशाला मानेल? तिची आईच तिच्या मामीला ओळख देत नाही. मी हे रागात लिहीत नाही. म्हणजे रागातच लिहितेय, पण विचार करून.

आता सांगते मला कुणी सांगितलं ते. अनितानं. अनिता इथं आहे, माझ्या घरात, परवापासून. मंगळवारी पोपटशेठच्या नव्या बार्जची पूजा होती. सकाळी उजाडायच्या आत पुतळाबाईनं तिला मागच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली, बार्ज पाण्यात जाईस्तोवर हिची सावली नको म्हणून. तिला आतून बेंजो ऐकू येत होता, नारळ फुटलेला ऐकू आला, पेढे वाटलेले ऐकू आले. बार्ज गेला, माणसं जेवली, पांगली, आणि कडी काढायची राहून गेली. मुद्दाम नाही. विसरले गो तिला. दुपारी तीनला कामवाली पारी पातेलं घ्यायला आली, तिनं दार उघडलं, अनिताला बघून तिलाच धक्का बसला. अनिता उठली. मागच्या दारात होत्या त्या चपला पायात सरकवल्या, टेम्पोनं पेण स्टेशन गाठलं, आणि रोह्याच्या गाडीत बसली. पेण स्टेशनपासून तुझं घर दहा मिनिटांवर आहे, हौसा. ती तिकडे वळली नाही. संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली आणि काय म्हणाली असेल? मामी, पाय करशील? मी म्हटलं, ही काय थट्टा लावलीस. मग खाली बघितलं. एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्या पायात सासूची, दोन बोटं मोठी. धरमतरपासून इथवर तशीच फरफटत आली होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. मग ती रडली, आणि पहिलं काय बोलली तर, मामी, त्या दिवशी मी पण गप्प राहिले, म्हणून असं झालं काय?

दोन दिवस तुला वाटलं ती सासरी आहे, त्यांना कालपर्यंत वाटलं ती तुझ्याकडे आहे, आणि कुणीच कुणाला विचारलं नाही. काल तुझा भाऊ शिफ्ट बदलून धरमतरला जाऊन आला. पोपटशेठनं त्याला चहा पाजला आणि हसत सांगितलं, रविवारी येतो घेऊन जायला, काळजी करू नका, तिची आई समजावेल तिला, हौसाबाई आमच्याच बाजूच्या आहेत. ऐकलंस? ते तुझ्या जिवावर येतायत. अनिता एवढंच म्हणते की मी नाय जायची. पण तू येऊन जा म्हणालीस तर ती जाईल, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे. म्हणून हे पत्र. पोस्टात टाकत नाही, तुझ्या भावाच्या खात्यातला रमेश पेणहून येऊन-जाऊन करतो, त्याच्या हाती देते.

शनिवारी सकाळच्या गाडीनं ये. अनिताच्या चपला नि दोन साड्या आण. तुझ्याकडे आईच्या मापाचा मसाला असेल तर तोही आण, माझा डबा तळाला गेलाय. चाचांना पीठ सांगून ठेवलंय, पाय अनिताच करणार आहे, तिनंच हट्ट धरलाय. लाटायला तू बस तिच्याजवळ. बोलली नाहीस तरी चालेल, नुसती बस. पुतळाबाईची ती चप्पल मी पेपरात बांधून दाराशी ठेवली आहे, ती त्यांनी जाताना न्यावी. रविवारी पाहुणे येतील, त्यांना उपाशी ठेवून बोलणी करायची आपल्यात रीत नाही, तेव्हा ट्रे त्यांच्यासमोर ठेवला जाईल. पुतळाबाई पापुद्रा उचकटेल आणि विचारेल, हा पाय कुणाचा? मी तोंड उघडणार नाही, अनिताही उघडणार नाही. या वेळी तू बोल. सांग तिला, माझ्या लेकीचा पाय आहे, आणि तो आता तुमच्या उंबऱ्यात पडायचा नाही.

वाट बघणारी, अजून रागावलेली, पण तुझीच,
सरू